कासरा धरण्यापुरता हात

परभणी, १२ नोव्हेंबर १९४५

आज खोली मिळाली. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिथं इतके दिवस मोडक्या खाटा आणि रिकामी खोकी पडून होती ती. बायनाबाईनं आणि मी मिळून झाडली, सारवली. दोन खिडक्या आहेत, दोन्ही उघडतात. मला तर राजवाडा मिळाल्यासारखं वाटलं.

डॉक्टर दिनकरराव म्हणाले, "कमलबाई, दवाखाना चालवणाऱ्या पंचमंडळींना ही खोली धान्य-औषधाच्या कोठीला हवी आहे. मी संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. तोवर काय ते दाखवा."

काय दाखवायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. सिकंदराबादच्या लष्करी इस्पितळात दोन वर्षं मी तेच पाहिलं. जखम भरते, टाके निघतात, माणूस घरी जातो, पण हात तसाच आखडलेला राहतो. तो मोकळा करायचा तर औषधानं होत नाही, कामानं होतो. तिथल्या मेमसाहेब जखमी शिपायांना वेताच्या टोपल्या विणायला लावत. तीन महिन्यांत ज्याला पेला धरता येत नव्हता तो सदऱ्याची बटणं लावू लागे. लढाई संपली, इस्पितळातल्या आम्हा बऱ्याच जणींना कामावरून मोकळं केलं. येताना मी वेताच्या चार मोळ्या घेऊन आले.

मेमसाहेब म्हणत, रोग्याचं रोग्याच्या वहीत लिहावं आणि आपलं आपल्या. म्हणून ही वही.

मदतीला बायनाबाई दिली आहे. पन्नाशीची आया, धनगराची, अक्षरशत्रू. काम चांगलं करते, पण बोलते फार. तिला शिस्त लावावी लागेल.

१५ नोव्हेंबर

पाच रोगी आले. त्यांतले दोघे महत्त्वाचे.

मुंजाजी, पेडगावचा, तिशीचा शेतकरी. दिवाळीआधी कापसाच्या जिनात रोजंदारीला गेला आणि उजवा हात रुळात सापडला. करंगळी गेली, शेजारचं बोट ताठ झालंय, तळहातावरची जखम नुकतीच भरली आहे. दिवसभर हात उपरण्याखाली झाकून बसतो.

भागुबाई, राणीसावरगावची. विहिरीच्या पायरीवरून पडली, कोपर मोडलं, गावात कुणीतरी वेडंवाकडं बांधलं. आता हात पुरता सरळ होत नाही. इथं बहिणीकडे राहून येते.

मी सगळ्यांना टोपलीचं बूड कसं धरायचं ते दाखवलं. भागुबाईनं वेत हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला.

"बाई, टोपली इनून म्या काय करू? माज्या घरी सात मानसं भाकरीला बसतेत."

मी म्हटलं, "आधी हात मोकळा होऊ दे, मग भाकरीचं बघू."

 तिनं वेताला पुन्हा हात लावला नाही. खेड्यातली माणसं नव्या गोष्टीला बिचकतात, वेळ लागेल.

१९ नोव्हेंबर

पाचाचे तीन झाले. आज नियम केले. आठाच्या ठोक्याला घंटा, मग हजेरी, काम करताना बोलायचं नाही, दोन तास झाल्याशिवाय उठायचं नाही. सिकंदराबादला असंच होतं आणि तिथं कुणी कुरकुर करत नसे.

बायनाबाई म्हणाली, "बाई, ते शिपाई व्हते. त्यास्नी हुकमाची सवय."

मी तिला घंटा वाजवायला पाठवलं.

२३ नोव्हेंबर

आज माझा तोल गेला. जे झालं ते झालं तसं लिहिते.

दहाच्या सुमारास औषधाच्या खोलीतून परत आले तर आत कुणीच नाही. मागच्या छपराखाली हसण्याचा आवाज. जाऊन बघते तर बायनाबाई मधोमध बसलेली, हातात लोकर कातायची चाती. तिच्याजवळ मुंजाजी अंबाडीच्या वाखाला पीळ देतोय, अगदी सैल, गप्पा मारत. आणि भागुबाई परातीत पीठ मळतेय! दवाखान्याच्या आवारात! माझी टोपली उलटी घालून तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवलेला.

सगळ्यांसमोर मी बायनाबाईला म्हटलं, "तुला इथं कशाला ठेवलंय? हा दवाखाना आहे का चावडी? तुला यातलं काय कळतं?"

ती उठली. चाती पदरात गुंडाळली. "न्हाई कळत, बाई," एवढंच म्हणाली. भागुबाईनं पिठाचे हात झटकले आणि कुणाकडे न बघता गेली.

मी चुकले असं वाटत नाही. दोघी दोन दिशांना ओढू लागलो तर रोग्यांनी कुणाचं ऐकायचं? पण आवाज चढायला नको होता. मेमसाहेबांचा कधी चढत नसे.

२७ नोव्हेंबर

खोली शांत आहे. दोन रोगी. मुंजाजीनं टोपलीचे चार वेढे घातले. भागुबाई आली नाही.

१ डिसेंबर

अक्षर वाईट येईल.

मुंजाजीला मी आज ओला वेत दिला, घट्ट ओढून बांधायला. सैल विणून बोटाला ताण बसत नव्हता. बायनाबाई पाण्याची बादली घेऊन आत आली. म्हणाली, "बाई, त्याची कातडी अजून कवळी हाय. राहू द्या चार दिस."

मी मुंजाजीला म्हटलं, "ओढ. अजून ओढ."

त्यानं ओढला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिसऱ्या वेढ्याला वेत लाल झालेला दिसला. तळहाताची शिवण उसवावी तशी जखम उघडली होती.

२ डिसेंबर

मुंजाजीला ताप. हात कोपरापर्यंत सुजलाय. डॉक्टरांनी जखम धुऊन सल्फाची पूड भरली. म्हणाले, विष वर चढलं तर हात काढावा लागेल.

मग मला विचारलं, "एवढा जोर त्याला कुणी लावायला लावला?"

मी म्हटलं, "बायनाबाई खोलीत होती. मी मध्ये औषधाच्या खोलीत गेले होते."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बायनाबाई खोलीत होती. मी औषधाच्या खोलीत गेले होते, पण अर्धा तास आधी. डॉक्टरांना छपराखालच्या वाखाची गोष्ट आधीच कुणीतरी सांगितली होती. त्यांनी मान हलवली. "तिला कळत नाही तर कामात हात का घालते?"

मी काही बोलले नाही. तिनं ओढायला लावलं असं मी म्हटलं नाही. ते डॉक्टरांचं अनुमान.

४ डिसेंबर

डॉक्टरांनी बायनाबाईला कामावरून कमी केलं. मला वाटलं होतं, ती ओरडेल, सगळं सांगेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं डॉक्टरांपुढे मान खाली घातली आणि गेली. जाताना माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. कसं ते लिहिता येत नाही.

मुंजाजीचा ताप उतरत नाही. त्याची बायको तानुबाई उशाशी बसून असते. मला बघितलं की पदर सावरून उठून उभी राहते. तिनं तसं उभं राहू नये असं वाटतं, पण सांगवत नाही.

६ डिसेंबर

ताप उतरला! सकाळी हात लावला तर कपाळ गार. सूज मनगटापर्यंत आली. डॉक्टर म्हणाले, हात वाचला. मी मोरीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पट्ट्या उकळायला घेतल्या.

आता सगळं पहिल्यासारखं होईल.

९ डिसेंबर

झालं नाही. काल मुंजाजीला घरी सोडलं, पट्टी बदलायला आज यायचं ठरलं होतं, आला नाही. खोलीत मी एकटी. आठाला घंटा मीच वाजवली. हजेरीच्या वहीत तारीख लिहिली आणि खाली कुणाचंच नाव नाही.

बाहेर ओट्यावर दोन बाया बोलत होत्या. एक म्हणत होती, "बायनाबाई न्हाई तर कामून जायाचं? ती आसली की कसं बरं वाटायचं." मला वाटत होतं, माणसं माझ्या नियमांना कंटाळून जातायत आणि जी राहिलीत ती माझ्या शिकवण्यासाठी.

१० डिसेंबर

आज सकाळच्या गाडीनं पेडगावला गेले. डॉक्टरांना सांगितलं, पट्टी बदलून येते.

मुंजाजीचं घर गावाच्या टोकाला. दारात बैलजोडी. तानुबाईनं घोंगडी अंथरली, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. पट्टी सोडली तर जखम स्वच्छ होती. मग मी विचारलं, "का आला नाहीस?"

तो बैलांकडे बघत राहिला. तानुबाईच म्हणाली, "सांगा की. बाई इतक्या लांब आल्या."

"त्या दिशी लय दुखायलं व्हतं," तो म्हणाला. "पहिल्या येढ्यालाच."

"मग बोललास का नाही?"

"कसं बोलू? तुमचा धाक. बायनाबाई म्हनली तवा तुमी तिचं बी ऐकलं न्हाई. मग माजं काय ऐकनार?"

मी नवी पट्टी बांधली. गाठ मारताना विचारलं, "मुंजाजी, तुला हात कशासाठी हवाय?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "आज इचारलं, बाई! महिना झाला येतोय, आज इचारलं. मला टोपल्या न्हाई इकायच्या. बैलाचा कासरा धरता आला म्हंजे झालं. कासरा सुटला की बैल बी जानतो, धनी अर्धा हाय म्हनून."

"छपराखाली वाख वळत होतास तो..."

"त्येच की. बायनाबाई म्हनली, आदी सैल वळ, मग दावं कर, मग जाड चऱ्हाट. हळूहळू मुठीत बसंल. तिचा नवरा मेंढराच्या झुंडीत हात मोडून बसला व्हता. तिनं त्याला आसंच कामाला लावलं व्हतं."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून होते. मेमसाहेब शिपायांना टोपल्या का देत हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता आठवतं, पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाच्या खाटेवर बसून तासभर बोलत असत. मी तेव्हा वेत भिजवत असे.

११ डिसेंबर

सकाळी डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. उभ्यानंच सांगितलं, कारण बसले असते तर बोलले नसते.

"साहेब, मुंजाजीला मी ओढायला लावलं. बायनाबाईनं मला थांबवलं होतं. मी तेव्हा खोलीतच होते."

त्यांनी चष्मा काढला. "आज अकरा तारीख आहे, कमलबाई."

"हो."

"नऊ दिवस!" त्यांचा आवाज चढला. "एका बाईची भाकरी गेली आणि तुम्ही नऊ दिवस गप्प राहिलात?"

  मला वाटलं, आता खोलीही जाणार आणि नोकरीही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. काय व्हायचं ते होवो, निदान हे पुन्हा सांगायचं उरलं नव्हतं.

डॉक्टर खिडकीशी गेले. परत आले तेव्हा आवाज उतरला होता. "मीही तिला एका शब्दानं विचारलं नाही. आया आहे, तिला काय कळणार, असंच धरून चाललो. ती चूक माझी." त्यांनी रोग्याची वही उघडली, दोन तारखेची नोंद काढली आणि वही माझ्यापुढे सरकवली. "खरं काय झालं ते तुमच्या हातानं लिहा. सही करा. आणि बायनाबाईला तुम्हीच घेऊन या. शिपाई पाठवणार नाही."

लिहिलं. सही केली. अक्षर सरळ आलं.

१२ डिसेंबर

बायनाबाईचं घर धनगर गल्लीच्या शेवटी. अंगणात लोकर पिंजत बसली होती. मला बघून उठली नाही, पण बाजूला पोतं अंथरलं.

मी म्हटलं, "मी डॉक्टरांना सगळं सांगितलं."

"बरं झालं."

"तुम्ही का नाही सांगितलंत? त्याच दिवशी?"

ती पिंजत राहिली. "आन् डागदर काय म्हनले असते? दोघी बाया, दोघी भांडतेत, एक दुसरीवर ढकलायलीय. बंद करा खोली. संकरातीची पन वाट बगितली नसती. माजं काय, मेंढरं हायती, लोकर हाय. भागुबाईच्या कोपराचं कसं व्हायचं?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की," ती म्हणाली. "लय आला. तुमी लोकायसमोर बोलला त्याचा जास्ती आला."

मी तिथंच माफी मागायला लागले तर तिनं हात वर केला. "हितं नगा. हितं कोन हाय ऐकायला?"

१३ डिसेंबर

छपराखाली सगळ्यांना बोलावलं. बायनाबाईनंच निरोप धाडले होते, म्हणून सहाजण आले. भागुबाई आली. मुंजाजी पट्टी बांधलेल्या हातानं पेडगावहून आला.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी बायनाबाईंना तुमच्यासमोर बोलले होते. मी चुकले. मुंजाजीचा हात माझ्यामुळे बिघडला, त्यांच्यामुळे नाही. त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं असतं तर तो बिघडला नसता."

 मग भागुबाई म्हणाली, "परात कुठं ठिवलीय?"

सगळे हसले. मीही. किती दिवसांनी!

त्यानंतर एकेकाजवळ बसले आणि विचारलं, हात बरा झाला की पहिलं काय करायचंय. एकीला लेकराची वेणी घालायची आहे. एका म्हाताऱ्याला जानवं नीट करायचंय आणि पानाची चंची उघडायची आहे. सगळं वहीत लिहून घेतलं. कोणाला ताण किती द्यायचा, सूज कशी बघायची, कधी थांबायचं, ते मी ठरवायचं. कशातून द्यायचा ते बायनाबाई आणि मी मिळून. दुखलं तर त्या माणसानं "दुखलं" म्हणायचं, हा एकच नियम ठेवला.

२६ डिसेंबर

मुंजाजीची जखम पक्की भरली. आज वाख हातात दिला. पहिले तीन दिवस नुसता पीळ, ओढायचं नाही. अर्ध्या तासात म्हणाला, "बाई, दुखलं." मी लगेच थांबवलं. तो इतका खूश झाला की जणू मी त्याला बक्षीस दिलं.

आज माझं आणि बायनाबाईंचं भांडण झालं. भागुबाईच्या कोपराला गरम लोकरीचा शेक कधी द्यायचा यावर. मी म्हटलं, पीठ मळण्याआधी. त्या म्हणाल्या, नंतर. डॉक्टरांना विचारलं. ते माझ्या बाजूचे निघाले. बायनाबाई म्हणाल्या, "आसू द्या, येखाद्या बारीला तुमचं बी खरं आसतंय."

८ जानेवारी १९४६

अकरा रोगी. छपराखाली जागा पुरत नाही.

मुंजाजी दाव्यावरून चऱ्हाटावर आला. ताठ बोट वाकत नाही ते नाहीच, मी त्याला खरं सांगितलं. पण बाकी तीन बोटं मुठीत येतात. काल त्यानं घरी जोडी जुंपली. तानुबाई सांगत होती, बांधाच्या कडेला ती दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरून उभी होती. बैलानं एकदा झटका दिला. कासरा सुटला नाही.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. आज दुपारी पंचमंडळी खोली बघायला आली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, "सांगा, कमलबाई."

मी सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत थांबले. त्यापेक्षा ज्याचं त्यानंच सांगितलेलं बरं. भागुबाईनं परात पुढे ओढली आणि भाकरी थापली. कोपर पूर्ण सरळ नाही, पण भाकरी गोल, तव्यावर टम्म फुगली. पंचांतल्या एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, "हे सगळं कोण शिकवतं?"

मी म्हटलं, "ह्या बायनाबाई. आणि मी."

त्यांनी डॉक्टरांशी थोडं बाजूला बोलून घेतलं. कोठीसाठी पुढची पडवी घेऊ, म्हणाले. खोली आमची राहिली. बायनाबाईंना महिन्याच्या पगारावर कायम केलं.

सगळे गेल्यावर बायनाबाई खांबाला टेकून बसल्या आणि मला शेजारी जागा केली.  दोघी तशाच बसून राहिलो.

१६ जानेवारी

आज सकाळपासून डोकं जड होतं. नऊ वाजता बायनाबाई म्हणाल्या, "जरा पडा मागं. आमी हाय की." पाच मिनिटं पडावं म्हणून औषधाच्या खोलीतल्या बाकावर आडवी झाले.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून पार खाली उतरलं होतं. दोन तास झोपले होते. घाईनं साडी सावरत छपराखाली गेले. नवीन आलेल्या बाईचं मनगट बायनाबाईंनी बघून ठेवलं होतं, सूज असल्यानं काम दिलं नव्हतं, मला दाखवायला थांबवून ठेवलं होतं. मुंजाजी एका म्हाताऱ्याला पीळ कसा द्यायचा ते शिकवत होता आणि सारखं विचारत होता, "दुखतंय का? सांगा बरं, दुखतंय का?" भागुबाई उद्या गावी जाणार म्हणून सगळ्यांना तिळाची भाकरी वाटत होती.

दोन तासांत मला कुणी हाक मारली नव्हती. माझी कुणाला गरज लागली नव्हती.

आधी थोडा राग आला. मग खूप भूक लागल्याचं लक्षात आलं. भागुबाईकडून भाकरी मागून घेतली आणि त्यांच्यातच जाऊन बसले.